जुन्या जीपचे वय मोजायचे की धूर?

मीरा रोड, प्रतिनिधी - पश्चिम द्रुतगती महामार्गाने दहिसरचा पथकर नाका ओलांडला, की मीरा-भाईंदर महापालिकेची हद्द सुरू होते आणि पहिल्या काही वस्त्यांतच पेणकरपाडा लागतो. ऑक्टोबर २०२४ पासून हलक्या वाहनांना या नाक्यावर पथकर द्यावा लागत नाही. मात्र ज्यांच्या दारात वीस-पंचवीस वर्षांची डिझेल जीप उभी आहे, त्यांच्यासाठी याच हद्दीवर दुसरा, अधिक कडक नाका उभा राहण्याची शक्यता निर्माण झाली आहे.

मुंबईच्या हवेच्या प्रदूषणाबाबत मुंबई उच्च न्यायालयाने कठोर भूमिका घेतल्यानंतर राज्य सरकारने जानेवारी २०२५ मध्ये निवृत्त सनदी अधिकारी सुधीरकुमार श्रीवास्तव यांच्या अध्यक्षतेखाली सात सदस्यांची समिती नेमली. मुंबई महानगर प्रदेशात पेट्रोल आणि डिझेलवरील वाहने बंद करून केवळ सीएनजी व विजेवरील वाहनांना मुभा देता येईल काय, हे तपासण्याचे काम या समितीकडे सोपविण्यात आले. मीरा-भाईंदर या प्रदेशातच मोडते. बंदीचा विचार सर्वच वाहनांबाबत असला, तरी कुऱ्हाड प्रथम जुन्या डिझेलवर कोसळणार, हे सांगण्यास ज्योतिषी नको.

या प्रश्नाची चर्चा दोन टोकांवर चालते. एका बाजूला जुनी जीप म्हणजे चालता-बोलता धुराडा, असे मानणारे आहेत. दुसऱ्या बाजूला घरच्या घरी पाना-पक्कड घेऊन गाडी ठणठणीत ठेवता येते, मग सरकारने नाक का खुपसावे, असे म्हणणारे हौशी मालक आहेत. दोघांनीही बॉनेट उघडून आत पाहण्याची गरज आहे.

महाराष्ट्राचे आणि जीपचे नाते जुने आहे. चाळीसच्या दशकाच्या अखेरीस महिंद्र कंपनीने मुंबईत विलिस जीपची जुळणी सुरू केली. पुढे कांदिवलीचा कारखाना या गाड्यांचे माहेरघर बनला; पेणकरपाड्यापासून तो फार दूर नाही. ऐंशीच्या दशकात फ्रान्सच्या प्यूजो कंपनीच्या सहकार्याने २,११२ सीसीचे डिझेल इंजिन इगतपुरीत तयार होऊ लागले आणि ते 'एमएम ५४०'सारख्या जीपमध्ये बसले. नंतर महिंद्रचेच २,५२३ सीसीचे डीआय इंजिन आले. वन खाते, पाटबंधारे, पोलिस, खेड्यापाड्यांतील प्रवासी वाहतूक अशा सर्व ठिकाणी या गाड्या राबल्या. त्यांतील बऱ्याच गाड्या लिलावातून वा हस्ते-परहस्ते शहरातील हौशी मंडळींकडे आल्या. पावसाळ्यात घाटमाथ्यावरच्या चिखलवाटा तुडवायच्या आणि एरवी इमारतीखाली ताडपत्री पांघरून उभे राहायचे, असे त्यांचे आजचे आयुष्य आहे.

ही गाडी घरी दुरुस्त करता येते, याचे कारण तिच्या रचनेत आहे. इंजिनाला संगणक नाही. डिझेल किती आणि कधी सोडायचे, हे पंपातील दांडे, स्प्रिंगा आणि दट्ट्ये ठरवितात. नव्या कॉमन रेल इंजिनात डिझेलचा दाब दीड हजार बारच्या वर असतो. जुन्या प्यूजो इंजिनाचे नोझल शे-दीडशे बारच्या आसपास उघडते. साहजिकच भाग जाडजूड, सहनशील आणि साध्या पान्याने उघडता येणारे आहेत.

धूर हा या इंजिनाचा बोलका स्वभाव म्हणावा लागेल. काळा धूर म्हणजे डिझेल जास्त वा हवा कमी : एअर फिल्टर तुंबला असेल, नाहीतर नोझल फवारा न मारता थेंब गाळत असेल. निळा धूर म्हणजे इंजिन ऑइल जळत आहे. रिंगा वा व्हॉल्व्हचे सील गेले आहेत. पांढरा धूर थंडीत सुरुवातीला क्षणभर येतो, तो चालतो. मात्र गाडी तापल्यावरही तो थांबत नसेल, तर टायमिंग चुकले आहे किंवा हेड गॅस्केटमधून पाणी आत शिरत आहे. या तीन रंगांपैकी पहिल्याचा निम्मा इलाज तरी मालकाच्या हातात असतो. अनेक जुन्या जीपमध्ये एअर फिल्टरच्या तळाशी तेलाचे भांडे असते. धूळ त्या तेलात बसते आणि महिनोन् महिने तशीच राहते. ते भांडे काढून, रॉकेल वा डिझेलने धुऊन, खुणेपर्यंत नवे तेल भरण्यास अर्धा तास पुरतो. हे न करता गॅरेजमध्ये पंप 'टाइट' करून घेणारे मालक पुष्कळ आहेत, आणि त्यांच्याच गाड्या फाउंटन हॉटेलच्या चढावर मागच्या दुचाकीस्वाराला दिसेनासे करतात.

डिझेल फिल्टर बदलणे हे दुसरे घरगुती काम. नवशिका येथेच अडतो, कारण फिल्टर उघडताच नळीत हवा शिरते. गाडीने 'एअर घेतली', की स्टार्टर कितीही फिरविला तरी इंजिन बोलत नाही आणि बॅटरी मात्र बसते. फिल्टरवरचा ब्लीडिंग स्क्रू सैल करून हातपंप मारीत राहावे, बुडबुडे थांबून एकसंध डिझेल येऊ लागले की स्क्रू आवळावा. तरीही इंजिन लागले नाही, तर नोझलकडे जाणाऱ्या नळ्यांचे नट किंचित सैल करून तेथूनही हवा काढावी लागते. मात्र दाबाखाली असलेल्या नोझलचा फवारा हातावर घेऊन पाहण्याचा मोह निश्चितपणे टाळावा. तो कातडी भेदून आत जातो आणि प्रकरण शस्त्रक्रियेपर्यंत पोहोचू शकते.

मीरा-भाईंदरमध्ये आणखी दोन शत्रू आहेत. खाडी आणि मिठागरांवरून येणारी खारी हवा चार महिन्यांच्या पावसाच्या जोडीने चासी खाते. चिखलातून आलेली गाडी खालून गोड्या पाण्याने धुतली नाही, तर पाट्यांच्या आणि बॉडीच्या बैठकीपाशी अडकलेली माती ओल धरून ठेवते. दुसरा शत्रू पाणी. बोअरचे वा टँकरचे क्षारयुक्त पाणी रेडिएटरमध्ये ओतले, की आतून पापुद्रे धरतात आणि उन्हाळ्यात काटा वर चढतो. कूलंट आणि क्षारविरहित पाणी वापरण्याचा खर्च हेड बसविण्याच्या खर्चापुढे किरकोळ आहे. प्रोपेलर शाफ्टच्या क्रॉसना आणि पाट्यांच्या पिनांना ग्रीस देणे, पाणी ओलांडून आल्यावर गिअर आणि डिफरन्शिअलचे तेल दुधाळ झाले नाही ना हे पाहणे, ब्रेकच्या ड्रममधून द्रव पाझरत नाही ना हे तपासणे, ही कामेही ग्रीस गन आणि थोडा संयम असलेल्या कोणासही जमतात. केवळ जॅकवर तोललेल्या गाडीखाली शिरू नये. चासीखाली भक्कम लोखंडी स्टँड हवेतच.

आता काय घरी करू नये, हेही स्पष्ट सांगितले पाहिजे. डिझेल पंपाचे कॅलिब्रेशन हे चाचणी यंत्रावरचे काम आहे. पंपाचे सील तोडून स्क्रू फिरविला, की ताकद वाढल्यासारखी वाटते आणि प्रत्यक्षात धूर वाढतो. नोझल काढून कारागिराकडे नेता येते, पण त्याचा दाब अंदाजाने लावता येत नाही. ब्रेकची मुख्य दुरुस्ती जाणकाराकडूनच करून घ्यावी. काढलेले जुने तेल गटारात ओतणाऱ्याने तर पर्यावरणावर बोलूच नये. ते गटार शेवटी खाडीला मिळते. गॅरेजच्या पिंपात ते नेऊन देणे फारसे अवघड नाही.

कायद्याची बाजू हौशी मंडळींना नावडती आहे. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार उत्पादकाच्या मूळ तपशिलापेक्षा वेगळा बदल करता येत नाही आणि ९ जानेवारी २०१९ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने हे अधिक ठामपणे सांगितले. वेगळे इंजिन, कापलेली चासी, कागदोपत्री नसलेली बॉडी असलेली 'मॉडिफाइड' जीप ही दुरुस्ती नव्हे. ती बेकायदा ठरते, आणि अशा गाड्यांमुळे मूळ स्वरूपात जपलेल्या गाड्यांचा कैवार घेणेही कठीण होऊन बसते.

पंधरा वर्षांनंतर खासगी गाडीची तपासणी करून पाच वर्षांसाठी पुन्हा नोंदणी करता येते. हलक्या मोटारीसाठी हे शुल्क एप्रिल २०२२ मध्ये ६०० रुपयांवरून ५ हजारांवर गेले आणि वीस वर्षांपेक्षा जुन्या मोटारींसाठी ऑगस्ट २०२५ मध्ये १० हजार करण्यात आले. राज्याचा पर्यावरण कर वेगळा. सरकारचा संदेश उघड आहे : गाडी ठेवा, पण किंमत मोजा. २०२१ च्या स्क्रॅप धोरणातही खासगी गाडी केवळ वयामुळे मोडीत निघत नाही. ती योग्यता चाचणीत नापास झाली तर निघते.

दिल्लीचा अनुभव मात्र निराळा आहे. राष्ट्रीय हरित लवादाने २०१५ मध्ये तेथे दहा वर्षांवरील डिझेल गाड्यांना बंदी घातली, सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये ती कायम केली. १ जुलै २०२५ पासून अशा गाड्यांना इंधनच न देण्याचा प्रयोग सुरू झाला आणि जनक्षोभामुळे काही दिवसांतच गुंडाळावा लागला. ऑगस्ट २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने केवळ वयाच्या आधारे सक्तीची कारवाई नको, असे सांगितले. डिसेंबर २०२५ मध्ये हे संरक्षण 'भारत स्टेज ४' आणि त्यापुढील गाड्यांपुरते मर्यादित केले. म्हणजे वयाची पट्टी बाजूला पडली आणि मानकाची पट्टी आली.

हे तत्त्वतः अधिक न्याय्य आहे, पण पेणकरपाड्यातील जीपमालकाला त्यात दिलासा नाही. मुंबईत 'भारत स्टेज ४' २०१० मध्ये लागू झाले. नव्वदच्या दशकातील 'एमएम ५४०' कितीही जपली, तरी या पट्टीवर ती बसणार नाही. येथे जपणूकवाद्यांनी प्रामाणिक राहायला हवे. आजच्या डिझेलमध्ये गंधक दहा लाखांत जेमतेम दहा भाग असते. नव्वदच्या दशकाच्या मध्यापर्यंत ते एक टक्क्यापर्यंत चालत असे. त्यामुळे जुने इंजिनही पूर्वीपेक्षा स्वच्छ जळते, हे खरे. तरीही सूक्ष्म कण पकडणारा फिल्टर तिच्या सायलेन्सरमध्ये नाही आणि घरी बसविताही येत नाही. दृश्य धूर गेला म्हणजे प्रदूषण गेले, असे नव्हे.

अडचण पुढेच आहे. रस्त्यावर आपण मोजतो तो हा दृश्य धूरच. पीयूसी केंद्रात ॲक्सिलरेटर झटकन दाबून धुराची घनता पाहिली जाते. 'भारत स्टेज ४' पूर्वीच्या डिझेल गाड्यांना त्यासाठी २.४५ ही मर्यादा आहे, 'स्टेज ४' गाड्यांना १.६२. नायट्रोजनची ऑक्साइडे आणि अतिसूक्ष्म कण या चाचणीत मोजलेच जात नाहीत. त्यातही नळी सायलेन्सरमध्ये नीट न घालता मिळणारी प्रमाणपत्रे कोणी पाहिलेली नाहीत? ज्या मालकाने नोझल दुरुस्त करून घेतले आणि ज्याने काहीच केले नाही, त्या दोघांच्या हाती सारखाच कागद पडत असेल, तर घरची निगा हा निव्वळ छंद उरतो.

या शहराने एक मोठा बदल पूर्वी पचविला आहे. धूरग्रस्त नागरिकांच्या याचिकेवर उच्च न्यायालयाने दिलेल्या आदेशांनंतर, २००० च्या दशकाच्या सुरुवातीस मुंबईच्या डिझेल टॅक्सी सीएनजीवर आल्या. त्यावेळी तर्क सरळ होता : टॅक्सी दिवसभर शहरात फिरते. ताडपत्रीखाली उभ्या असलेल्या जीपला तोच तर्क लागू होत नाही. वर्षाला दोन-तीन हजार किलोमीटर धावणारी जुनी जीप आणि रोज शंभर किलोमीटर धावणारा, पंप टाइट केलेला टेम्पो यांना एकाच यादीत घालायचे असेल, तर निदान कशाच्या आधारे ते ठरविले, हे सांगावे लागेल. नोंदणी नूतनीकरणावेळी मीटरचे वाचन नोंदविणे, यंत्रावर खरी धूरचाचणी घेणे आणि कमी वापराच्या जुन्या गाड्यांना हिवाळ्यातील प्रदूषणाच्या दिवसांत शहरात मनाई करून एरवी मुभा देणे, हे मार्ग समितीपुढे असायला हवेत. मीरा-भाईंदरला एमएच-५८ हा स्वतंत्र परिवहन क्रमांक मंजूर झालेला आहेच. अशी तपासणी येथेच सुरू करता येईल. तोपर्यंत एअर फिल्टरचे भांडे धुण्यास समितीच्या अहवालाची वाट पाहण्याचे कारण नाही.