मामा, जरा बाजूला व्हा
सदर : गारखेड्याहून

शेवटचं मंगलाष्टक चालू होतं. मी भाचीच्या मागे उभा होतो. अंतरपाट धरला की नवरीच्या पाठीशी तिचा मामा उभा राहतो, ही आपली रीत. पलीकडे नवरदेव, मध्ये कुंकवाचं स्वस्तिक काढलेलं पांढरं वस्त्र, दोघांच्या हातांत हार. भटजींनी ‘सावधान’साठी श्वास घेतला आणि तेवढ्यात माझ्या खांद्यावर कुणाचा तरी हात पडला. “मामा, जरा बाजूला व्हा. फ्रेममध्ये येताय.”

मी बाजूला झालो. का झालो, हे मला आजही सांगता येत नाही. अंतरपाट ओढला गेला, अक्षता उडाल्या, सनई-चौघड्याची ध्वनिफीत मोठी झाली आणि मला दिसल्या त्या चार पाठी. दोन फोटोवाले, एक व्हिडिओवाला आणि त्याची वायर सांभाळणारा पोरगा. ज्या मुलीला मी खांद्यावर बसवून कर्णपुऱ्याच्या यात्रेत फिरवलं, तिने मान वर करून नवऱ्याकडे पाहिलं तेव्हा तिचा चेहरा कसा होता, ते मला ठाऊक नाही.

खाली पहिल्या रांगेत माझी आई बसली होती. ऐंशी ओलांडलेली, गुडघे धरून आलेली. तिलाही पाठीच दिसल्या. मग तिने मान वळवली आणि बाजूच्या मोठ्या पडद्यावर नातीचं लग्न पाहिलं. नात तिच्यापासून पंधरा फुटांवर होती. त्यानंतर फोटोवाल्याने हार काढून पुन्हा घालायला लावले, कारण पहिल्यांदा एका अँगलमध्ये अक्षतांनी चेहरा झाकला होता. दुसऱ्यांदा हार पडले तेव्हा अर्धा मांडव जेवणाकडे निघाला होता.

आमच्या शहरातल्या गारखेडा परिसराच्या दक्षिणेला बीड बायपास आहे आणि त्याच्या दोन्ही अंगांना मंगल कार्यालयं आणि लॉन्स आहेत. दाट तिथीच्या दिवशी एका लॉन्समधली मंगलाष्टकं दुसऱ्यात ऐकू येतात. गेल्या काही मोसमांत मी तिथल्या बऱ्याच लग्नांना गेलो आणि सगळीकडे हेच पाहिलं. म्हणून या आठवड्यात हा विषय.

परदेशातल्या लग्नाच्या छायाचित्रकाराला सगळ्यात धास्ती असते ती पहिल्या चुंबनाची. वचनं झाली, अंगठ्या झाल्या की वधूवर एकमेकांचं चुंबन घेतात. एखाद-दोन सेकंदांचा तो क्षण सुटला तर परत मिळत नाही. 29 जुलै 1981 रोजी चार्ल्स आणि डायाना यांनी बकिंगहॅम राजवाड्याच्या सज्जात चुंबन घेतलं. तेव्हापासून तिथल्या राजघराण्यातल्या मोठ्या लग्नाला लोक त्या सज्जाकडे डोळे लावून उभे राहू लागले. पण हे चुंबन मूळ विधीतलं नव्हे. इंग्लंडच्या चर्चची 1662 सालची प्रार्थनापुस्तिका उघडली तर विवाहविधीत उजवा हात हातात घेऊन दिलेली वचनं आहेत, अंगठी आहे, आशीर्वाद आहे. चुंबन कुठेही नाही. ते रूढीने आलं, सिनेमाने रुजवलं आणि कॅमेऱ्याने त्याला लग्नाचा कळस करून टाकलं.

आपल्याकडे कळस वेगळा आहे. आपलं लग्न नजरेवर उभं आहे. दोघांच्या मध्ये कापड धरायचं, आठ-दहा मिनिटं त्यांना एकमेकांपासून झाकायचं आणि मुहूर्ताला ते दूर करायचं, यापलीकडे त्या विधीत काही नाही, आणि म्हणूनच तो इतका सुंदर आहे. पूर्वी अनेक जोडप्यांची ती खरोखरच पहिली भेट असे. आज दोघं तीन वर्षं एकाच कंपनीत असतात, दौलताबादच्या पायथ्याशी प्री-वेडिंगही झालेलं असतं. तरीसुद्धा अंतरपाट दूर होताना त्यांचे चेहरे बदलतात. ओळखीच्या माणसाकडे नव्या नात्याने पाहण्याची ती पहिली वेळ असते.

याच शहरातल्या मुस्लिम घरांत आरसी मुसहफची रीत आहे. हैदराबाद संस्थानाच्या दख्खनी रिवाजांतली ती एक देखणी रीत. निकाह झाल्यावर दोघांना जवळ बसवतात, कुराण ठेवतात, आरसा ठेवतात, आणि नवरा-नवरी एकमेकांना पहिल्यांदा त्या आरशात पाहतात. इकडे कापड, तिकडे आरसा. दोन्ही घरांनी पहिल्या नजरेसाठी जागा राखून ठेवली आहे.

आणखी जुना दाखला हवा असेल तर गारखेड्याहून तासाभराच्या वाटेवर वेरूळ आहे. एकविसाव्या लेण्यात, रामेश्वरमध्ये, शिवपार्वतीच्या विवाहाचा शिल्पपट आहे. एकोणतिसाव्या लेण्यातही, ज्याला आपण धुमार लेणी म्हणतो, तोच प्रसंग आहे. शिल्पकाराला एकच चौकट मिळाली होती. अख्ख्या लग्नातून त्याने एक क्षण निवडला : शिवाने पार्वतीचा हात हातात घेतला आहे. अग्नीपाशी ब्रह्मदेव पौरोहित्य करतो आहे आणि भोवती लग्नाला आलेली मंडळी आहेत. या कामाला चौदाशे वर्षं होत आली असतील. त्या चौकटीत वधूवर आणि पाहणारा यांच्यामध्ये कुणीही उभं नाही. हा एकच नियम आपण त्या शिल्पकाराकडून घेतला तरी पुष्कळ झालं.

कारण लग्नाला माणसं कशासाठी बोलवतात? साक्षीसाठी. साक्षी म्हणजे साक्षात पाहणारा. कायद्यानेही हेच धरून ठेवलं आहे. 1954च्या विशेष विवाह कायद्याप्रमाणे विवाह अधिकाऱ्यासमोर तीन साक्षीदार लागतात आणि दोघांनी एकमेकांचा स्वीकार केल्याचं त्यांच्यादेखत बोलून दाखवावं लागतं. ख्रिस्ती विवाहाला 1872च्या कायद्याने दोन साक्षीदार सांगितले. निकाहालाही साक्षीदार असतात. अक्षता टाकणारी पाचशे माणसं ही आपल्या मांडवातली साक्ष आहे. आजी, आत्या, शेजारच्या काकू, शाळेतल्या बाई. उद्या संसारात काही कमी-जास्त झालं तर ‘आमच्या डोळ्यांदेखत लग्न झालं’ असं म्हणत ही माणसं धावून येतात. त्यांच्या डोळ्यांसमोर पाठी उभ्या केल्या तर आपण साक्षच काढून घेतो.

यात फोटोवाल्यांना दोषी ठरवून मोकळं होणं मला मान्य नाही. त्यांचं काम मी जवळून पाहिलं आहे. तुळशीचं लग्न लागलं की त्यांचा मोसम सुरू होतो. सकाळी हळद, दुपारी सीमंतपूजन, संध्याकाळी लग्न, रात्री पाठवणी. सगळ्यांची पंगत उठल्यावर हा माणूस उभ्याउभ्या जेवतो. अंतरपाट पडायला एक सेकंदही लागत नाही, त्यात अक्षतांचा पाऊस. कॅमेऱ्याचा फोकस चेहऱ्याऐवजी उडणाऱ्या तांदळावर बसतो. फोटो चुकला तर घरची माणसं उरलेले पैसे देताना हात आखडतात. मग तो स्टेजवर चढतो, आणखी पुढे सरकतो, जोडीला दुसरा माणूस आणतो. ही भीती आपणच त्याच्या पोटात घातली आहे. अल्बम पाहताना ‘हा क्षण कुठाय?’ असं विचारणारे आपण, ‘आईला दिसलं का?’ हे मात्र विचारत नाही.

माझ्या बहिणीच्या लग्नात छत्तीस फोटोंचा रोल होता. तसे दोन रोल, म्हणजे बहात्तर फोटो. फोटोवाला शेजारच्या गल्लीतला होता. तो दिवसभर खुर्चीवर बसून पाहायचा, नेमक्या वेळी उठायचा, एकदा बटण दाबायचा आणि परत बसायचा. अंतरपाटाचा त्याने एकच फोटो काढला. त्यात बहिणीची मान थोडी हललेली आहे. आमच्या घरात आजही तो भिंतीवर आहे, आणि तो पाहताना आई त्या दिवसाबद्दल बोलते ते स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेलं. फोटो तिच्या आठवणीला हात देतो, आठवणीची जागा घेत नाही.

जुने दिवस परत आणा, असं मी म्हणत नाही. उलट आजचा कॅमेरा दूर उभं राहण्यासाठीच सोयीचा आहे. अंतरपाट धरलेला असताना दोघांचे चेहरे एका फोटोत हवे असतील तर बाजूने घ्यावे लागतात. म्हणजे जिथून पाहुणे पाहतात, नेमक्या त्याच दिशेने. म्हणून तर फोटोवाला त्यांच्या आड येतो. पण लांबचं जवळ आणणारी 70-200ची लेन्स असेल तर मधल्या वाटेवरून, वीस-पंचवीस फुटांवरून तोच फोटो मिळतो. खाली बसून घेतला तर कुणाचीही नजर अडत नाही. नव्या कॅमेऱ्यांचा आवाजही बंद करता येतो. स्टेजवर चढणं आता सवयीमुळे होतं, तंत्राला त्याची गरज नाही.

आणखी एक गोष्ट मला जास्त टोचते. परदेशी छायाचित्रकारांचा तो ‘फर्स्ट किस’ आता आपल्या स्टेजवर वेगळ्या रूपात आला आहे. हार घातले की माइकवरून हुकूम येतो : “सर, मॅडमच्या कपाळावर ओठ टेकवा. अजून जवळ. असेच थांबा.” मागून मित्रांच्या शिट्ट्या. मागच्या मोसमात एका नवरीला मी आक्रसून जाताना पाहिलं. तिने नकार दिला नाही, कारण पाचशे माणसांसमोर नकार द्यायला जागाच ठेवलेली नव्हती. प्रेम दाखवण्यात लाज वाटण्यासारखं काही नाही. दोघांना मनापासून वाटलं तर त्यांनी स्टेजवर एकमेकांना जवळ घ्यावं, मी आनंदाने टाळ्या वाजवीन. पण माइकवरून मागवलेली जवळीक ही त्या मुलीवर केलेली सक्ती आहे. काही समाजांच्या बैठकांत प्री-वेडिंगवर बंदीचे ठराव होतात, तेही मला पटत नाहीत. एकाने हुकमाने जवळ आणायचं आणि दुसऱ्याने हुकमाने दूर करायचं, यात त्या दोघांना कुणी विचारलेलंच नसतं.

म्हणून माझं सांगणं साधं आहे. फोटोवाला ठरवताना पॅकेजच्या बोलण्यात पाच मिनिटं याही गोष्टीला द्या. शेवटच्या मंगलाष्टकाला स्टेजवर वधूवर, भटजी, मामा आणि करवल्या यांच्याशिवाय कुणी नसेल. कॅमेऱ्याच्या दोन जागा आधी ठरतील आणि त्या पहिल्या रांगेच्या आड येणार नाहीत. हार एकदाच घातले जातील. कोणती पोज द्यायची, कोणती नाही, हे नवरा-नवरीला आदल्या दिवशी एकांतात विचारलं जाईल. आणि ‘फोटो थोडा हलला तरी चालेल’ हे घरच्या मोठ्या माणसाने फोटोवाल्याला स्वतः सांगावं. या एका वाक्याने त्याच्या पोटातली निम्मी भीती जाते.

हे मी अनुभवाने लिहितो आहे. थोरलीच्या लग्नात जे झालं ते धाकट्या भाचीने पाहिलं होतं. तिचं लग्न गेल्या मोसमात इथेच, गारखेड्यातल्या एका लहानशा कार्यालयात झालं. तिने फोटोवाल्याला आधीच बसवून सगळं सांगितलं. तो तरुण पोरगा थोडा गप्प राहिला आणि म्हणाला, “ताई, तुम्ही सांगितलं ते बरं झालं. आम्हाला कुणी सांगतच नाही, मग आम्ही धावतच राहतो.”

मुहूर्ताला तो मधल्या वाटेवर गुडघे टेकून बसला होता. अंतरपाट दूर झाला तेव्हा माझे दोन्ही हात भाचीच्या खांद्यांवर होते आणि तिचा खोल श्वास मला तळहातांना कळला. अल्बममध्ये त्या क्षणाचा एकच फोटो आहे. एका बाजूला नवरदेवाच्या चेहऱ्यावर दोन अक्षता चिकटल्या आहेत. पुढच्या कोपऱ्यात, पहिल्या रांगेत, थोडी अस्पष्ट, माझी आई आहे. तिची मान कुठेही वळलेली नाही. ती सरळ नातीकडे बघते आहे.