काठ नदीला परत द्या

नदीला काठ असतो, याचा बारामती-इंदापूर परिसराला विसर पडला आहे, असे आमचे स्पष्ट मत आहे. १८८५ साली नीरेचा डावा कालवा सुरू झाला आणि या दुष्काळी मुलखाचे भाग्य उजळले, हे आम्ही कृतज्ञतेने मान्य करतो. परंतु कालव्याच्या पाण्यावर पोसलेला ऊस हळूहळू थेट नदीच्या पात्राला जाऊन भिडला. मोरोपंतांच्या कऱ्हेची आणि नीरेची दरड उघडी पडली. करंज, उंबर, वाळुंज हटले आणि वेडी बाभूळ माजली. शेतातील खत-माती आता पहिल्याच पावसात पात्रात उतरते.

यावर आपण काय करतो? वृक्षारोपण! धर्मगुरू आशीर्वाद देतात, छायाचित्र निघते, आणि रोप लागते चर्चच्या आवारात, तेही गुलमोहराचे. शहरांतून काठाला भिंत बांधून वर बाके ठेवली की त्यास नदीसुधार म्हणतात. भिंत पाणी अडवील, गाळणार नाही. ते काम मुळांचे. पाण्यालगत लव्हाळा, वाळा, शेरणी. त्यामागे निर्गुडी, करंज. वर दरडीवर उंबर, जांभूळ, अर्जुन. गवत गाळ अडवते, मुळे माती धरतात, सावलीत पाणी थंड राहते आणि मासा टिकतो. सप्टेंबर २०१९ मध्ये नाझरे धरणातून पाणी सुटले आणि कऱ्हा बारामतीत शिरली. झाडीने तो पूर टळला असता, असा दावा आम्ही करणार नाही. दरडीची माती मात्र तिने धरली असती.

वीस गुंठ्यांच्या धन्याने काठच्या चार सऱ्या सोडल्या, तर त्याने खायचे काय? हा आक्षेप आम्हांला पोकळ वाटत नाही. म्हणूनच त्या सऱ्यांचे मोल उसावर उभ्या राहिलेल्या साखर कारखान्यांनी भरावे. आणि गटारांचे व कारखान्यांचे सांडपाणी झाडांवर सोपवून कोणी हात झटकू नयेत. ते शुद्ध करूनच सोडले पाहिजे.

यहेज्केलला दिसलेल्या नदीच्या दोन्ही तीरांवर झाडे होती, त्यांची पाने औषधी होती. प्रवचनात आपण हे ऐकतो. पोप फ्रान्सिस यांचे २०१५ सालचे ‘लाउदातो सी’ही आपल्या कपाटात आहे. तेव्हा येत्या पावसाळ्यात धर्मग्रामातील युवकांनी चर्चच्या आवारात एकही रोप लावू नये. बारामतीपासून नीरा-भीमेच्या संगमावरील नीरा-नरसिंहपूरपर्यंत काठ पडला आहे. करंजाच्या शेंगा उन्हाळ्यातच वेचून ठेवाव्यात. पुढचे दोन उन्हाळे पाणी घालण्याची तयारी नसेल, तर खड्डे खणण्याचेही कष्ट घेऊ नयेत.