छातीतील धोक्याची पातळी

२०१९ च्या ऑगस्टात सांगलीच्या आयर्विन पुलापाशी कृष्णेने ४५ फुटांची धोक्याची पातळी ओलांडून ५७ फूट गाठले. त्यानंतर कोयना धरणातून विसर्ग वाढल्याची वर्दी येताच एखाद्याचे काळीज धडधडू लागले, तळहातांना घाम फुटला, बोटांना मुंग्या आल्या आणि ‘आता आपण संपलो’ असे वाटले, तर त्याला भित्रा ठरविण्याचा अखत्यार कोणालाही नाही. ११ डिसेंबर १९६७ चा कोयनेचा भूकंप भोगलेल्या सातारकरांस तरी हे निराळे सांगावयास नको.

असा भयाचा झटका बहुधा दहा मिनिटांत शिखर गाठून ओसरतो. तथापि छातीतील पहिल्या कळीला केवळ ‘मनाचे खेळ’ समजणे घातक असल्याने ईसीजी, थायरॉइड आणि रक्ताची तपासणी अवश्य व्हावी. माझी तक्रार आहे ती पुढच्या क्षणाविषयी: ‘रिपोर्ट नॉर्मल आहेत, काही झालेले नाही’ असे बजावून रोग्याची बोळवण होते, तेव्हा खरी तपासणी व्हावयाचीच असते. झटके पुन्हा येतात काय, त्यांच्या धास्तीने एसटीचा प्रवास वा आठवड्याचा बाजार टाळला जातो काय, चहा, तंबाखू, मद्य किती, जीव नकोसा होतो काय, हे कोणी पुसतच नाही.

वास्तविक विचार आणि वर्तन यांवरील मानसोपचाराने, तसेच काही आठवड्यांनी गुण देणाऱ्या औषधांनी हा विकार बहुतांशी आटोक्यात येतो. शामक गोळ्यांची मात्र सवय जडते. १४४१६ या सरकारी दूरध्वनीवर मानसिक आरोग्याविषयी सल्ला विनामूल्य मिळतो. तो क्रमांक प्रत्येक केसपेपरवर छापावयास सरकारास कितीसा खर्च येणार?