तट्टू खाते

सन २०२४ च्या प्रारंभी एक छोटीशी बातमी वाचनात आली. भीमथडीच्या घोड्याला देशातील एक स्वतंत्र जात म्हणून मान्यता मिळाली. उंचीने बेताची, पण काटक आणि अल्पसंतुष्ट अशी ही तट्टे एके काळी मराठ्यांच्या घोडदळाचा कणा होती. राजा बढे यांच्या ज्या गीताला २०२३ मध्ये राज्यगीताचा मान मिळाला, त्यातही त्यांचा उल्लेख आहे. बातमी वाचून पत्नी सहज म्हणाली, "तुमचा चांद्या याच जातीचा ना?" आणि मन एकदम साठ वर्षे मागे गेले.

वाचकहो, इंदापूर तालुक्यात भीमेच्या काठी आमचे लहानसे गाव होते. आजोबांचे कापडाचे दुकान होते. पण खरा व्यापार चाले तो आसपासच्या आठवडी बाजारांत. लुगडी, धोतरे, खण यांची गाठोडी चांद्याच्या पाठीवर चढवून आजोबा पहाटे निघत आणि स्वतः लगाम धरून शेजारून पायी चालत. तांबूस अंग, कपाळावर पांढरा चांद, आणि कान सदैव टवकारलेले. परतताना ओझे हलके झालेले असे, तेव्हा मला पाठीवर बसण्याची मुभा मिळे. आजोबांचे रात्रीचे भोजन वर्ज्य असल्यामुळे सूर्यास्तापूर्वी घर गाठावे लागे. उन्हे कलली की चांद्या न सांगता पावले झपाझप उचलू लागे. अर्थात, घरी त्याच्याही तोबऱ्यात भिजवलेला हरभरा वाट पाहत असे!

सुटीच्या दिवशी त्याला नदीवर नेणे आणि खरारा करणे हे माझे काम. माझ्या सदऱ्याच्या खिशात गुळाचा खडा आहे की नाही, हे त्याला दहा पावलांवरून कळे. नसला, तर तो मान फिरवून उभा राही. त्याची समजूत काढण्यासाठी मी कितीदा तरी आजीच्या डब्यातून गूळ चोरला आहे.

एकदा बाजारात विक्री फारशी झाली नाही. गाठोडी जवळजवळ तशीच परत निघाली. मी दमलो होतो आणि चांद्यावर बसण्याचा हट्ट धरून बसलो. आजोबा रागावले नाहीत. त्यांनी एक जड गाठोडे खाली उतरवले, स्वतःच्या खांद्यावर घेतले आणि मला वर बसवले. अर्धा कोस मी तसाच गेलो. पुढे त्यांच्या पाठीवरचा ओला सदरा पाहून मीच खाली उतरलो. मुक्या जिवावर शक्तीबाहेर ओझे लादणे आणि त्याचे अन्नपाणी रोखणे, हे अहिंसाणुव्रताचे दोन अतिचार मी पाठशाळेत घडाघडा म्हणत असे. त्यांतील पहिल्याचा अर्थ मला त्या दिवशी कळला. दुसऱ्याचा कळण्यासाठी १९७२ साल उजाडावे लागले.

त्या वर्षीचा दुष्काळ माझ्या पिढीतील कोणीही विसरलेला नाही. विहिरींनी तळ गाठला. चांगली शेतकरी माणसे खडी फोडण्याच्या कामावर जाऊ लागली. कापड घ्यायला कोणाजवळ पैसा नव्हता, त्यामुळे बाजार ओस पडले आणि कडबा तर पैसे देऊनही मिळेना. चांद्याच्या बरगड्या दिसू लागल्या. शहरातला एक टांगेवाला अडीचशे रुपये द्यायला तयार झाला. घराला त्या पैशांची नितांत गरज होती. आजोबांनी त्याला एकच प्रश्न विचारला, "टांग्यात किती माणसे बसवता?" उत्तर ऐकून त्यांनी नमस्कार केला आणि सौदा मोडला.

दिवाळीनंतर दरवर्षीप्रमाणे धनगरांचा एक वाडा मेंढरे घेऊन कोकणाकडे निघाला. ते आमचे जुने गिऱ्हाईक. कोकणात गवत होते, पाणी होते. आजोबांनी चांद्याचा लगाम त्यांच्या कारभाऱ्याच्या हाती दिला आणि एक पैसाही घेतला नाही. मी आठ दिवस आजोबांशी बोललो नाही. इतका लळा असताना त्यांनी त्याला देऊन टाकले, एवढेच मला दिसत होते.

पुढच्या पावसाच्या तोंडावर तो वाडा परतला. चांद्याच्या पाठीवर संसाराचे बोचके होते आणि त्यावर एक चिमुरडी ऐटीत बसली होती. त्याने मला ओळखले; सरळ खिशाशी तोंड आणले. कारभारी म्हणाला, "शेट, तुमचं जनावर तुम्ही परत घ्या." आजोबांनी चांद्याच्या पाठीवरून, बरगड्यांवरून हात फिरवला. "तो तुमच्यात रुळला आहे," एवढेच म्हणाले. मला मात्र त्या वेळी एक गुळाचा खडा आणायला घरी धावण्यापलीकडे काही सुचले नाही.

पुढे मी एम.कॉम. होऊन बँकेत लागलो. आजोबा गेल्यावर त्यांच्या वह्या आवरताना एका खतावणीत 'तट्टू खाते' असे पान सापडले. नावेच्या बाजूस कडबा, हरभरा, नाल, खोगीर. यात नवल नव्हते. पण जमेच्या बाजूस प्रत्येक बाजाराची हमाली रीतसर चांद्याच्या नावे जमा केलेली होती! शेवटची नोंद १९७२ च्या कार्तिकातील: "शिल्लक २९ रुपये. त्याचा हरभरा घेऊन तट्टासोबत दिला. खाते चुकते." ज्या दिवसांत घरात मिलोची भाकरी होती, त्या दिवसांतील ही नोंद. ती वाचताना त्या आठ दिवसांच्या अबोल्याची मला लाज वाटली.

नोकरीत मी बैलजोड्यांसाठी, म्हशींसाठी शेकडो कर्जे मंजूर केली. आमच्या कागदांत जनावर हे तारण असे. आजोबांच्या वहीत ते खातेदार होते. हा फरक कोणत्याही परीक्षेत मला शिकवला गेला नव्हता.

ती बाजाराची वाट आता उजनी धरणाच्या पाण्याखाली आहे. ती वही मात्र माझ्या कपाटात आहे. आपल्यासाठी राबणाऱ्यांच्या खात्यावर आपल्याकडून काही देणे राहिले आहे का, हे पाहावेसे वाटले की मी ते पान उघडतो.