हिशोब उंबऱ्यापासून करा

लेकीच्या बाळंतपणाला किंवा मुलाचं नवं घर बघायला अमेरिकेला निघालेले आईवडील आता साताऱ्या-सांगलीत नवे राहिले नाहीत. त्यांना आणि त्यांचं तिकीट काढून देणाऱ्या मुलांना कळकळीचं सांगणं आहे : प्रवासाचे तास विमानतळापासून नका मोजू, घराच्या उंबऱ्यापासून मोजा.

मुंबई ते न्यूयॉर्क अंतर सुमारे साडेबारा हजार किलोमीटर. थेट विमानाला साधारण १६ तास लागतात. समजा, विमान रात्री १:३० ला सुटतं. उन्हाळ्यात ते त्याच तारखेला सकाळी ८ च्या सुमारास उतरतं. नुसती वजाबाकी केली तर साडेसहाच तास येतात! कारण तिकिटावरच्या वेळा त्या त्या गावच्या घड्याळाच्या असतात. न्यूयॉर्क आपल्या साडेनऊ तास मागं, थंडीत साडेदहा.

खरा घोळ होतो तो तारखेचा. तिकिटावर १५ तारीख, रात्री १:३० असेल, तर तुम्हाला घर १४ तारखेलाच सोडायचं आहे. १५ च्या संध्याकाळी बॅगा भरायला घेतल्या, तर विमान केव्हाच उतरलेलं असेल. कॅलेंडरवर १४ वर ठळक खूण करा आणि शेजाऱ्यांनाही तीच तारीख सांगा.

आता उलटं मोजू. विमानतळावर तीन तास आधी, म्हणजे रात्री साडेदहाला. सांगलीहून मुंबई गाडीनं सात-आठ तास, वर जेवण, चहा, खंबाटकी आणि खंडाळ्याच्या घाटातली वाहतूक. म्हणून दुपारी १२ ला गाडी निघालीच पाहिजे, साताऱ्याहून चारला. सांगलीकराचे दारापासून न्यूयॉर्कला उतरेपर्यंत साडेएकोणतीस तास होतात. इमिग्रेशनची रांग आणि सामान पुढंच. आता नवी मुंबईचं विमानतळही सुरू आहे, तेव्हा कुठल्या विमानतळावर जायचं ते वाचूनच ड्रायव्हरला सांगा.

मुलांनो, चार पैसे वाचतात म्हणून पुणे-दिल्लीचं एक आणि पुढचं दुसरं अशी वेगळी तिकिटं काढू नका. पहिलं विमान रखडलं, तर पुढची कंपनी सहसा जबाबदारी घेत नाही, आणि अनोळखी विमानतळावर आई-बाबा एकटे अडकतात. सगळा प्रवास एकाच तिकिटावर असू द्या. मध्ये विमान बदलायचं असेल तर दीड तासावर भागवू नका. तीन-चार तास राहू द्या. चालायला त्रास असेल तर व्हीलचेअर बुकिंग करतानाच मागा.

रक्तदाबाच्या गोळ्या, इन्सुलिन आणि डॉक्टरांची चिठ्ठी हातातल्या पिशवीत ठेवा, मोठ्या बॅगेत नको. घड्याळ बदलल्यावर डोस कधी घ्यायचे, हे निघण्याआधी डॉक्टरांकडून कागदावर लिहून घ्या. विमानात अधूनमधून उठून चाला. आणि उतरल्यावर पहिले दोन दिवस पाहुण्यांकडं जाणं, फिरणं काही ठरवू नका. आई-बाबांना झोपू द्या.