पहिला तास कोणाचा?

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१५-१६ आणि २०१९-२१ या दोन फेऱ्यांदरम्यान देशातील संस्थात्मक प्रसूतींचे प्रमाण ७८.९ टक्क्यांवरून ८८.६ टक्क्यांवर गेले. जन्मानंतर तासाभरात स्तनपान मिळालेल्या बालकांचे प्रमाण मात्र ४१.६ वरून जेमतेम ४१.८ झाले. याचा दोष आजीच्या मधाच्या बोटावर ढकलणे सोयीचे आहे. पण तो तास आता बहुतांशी रुग्णालयाच्या ताब्यात असतो. घरी येऊन सल्ला देणारी ‘आशा’ पोहोचते ती तिसऱ्या दिवशी. शस्त्रक्रियेनंतरही शुद्धीवर असलेल्या मातेच्या छातीशी बाळ देता येते. मात्र त्यासाठी कोणाचे तरी हात मोकळे हवेत. प्रत्येक प्रसूतिकक्षात या कामासाठी स्वतंत्र परिचारिका नेमण्याची तरतूद केंद्राने राज्यांच्या आरोग्य आराखड्यांत अनिवार्य करावी.