थैलीचे निमंत्रण

1978 साली लाहोर येथे हॉकीची चॅम्पियन्स ट्रॉफी सुरू झाली, तेव्हा तिची कल्पना युरोपातील कोणत्याही राजधानीतून आलेली नव्हती. एअर मार्शल नूर खान यांच्या पुढाकाराने पाकिस्तानने जगातील निवडक राष्ट्रीय संघांना निमंत्रणे धाडली आणि ती पहिली स्पर्धा स्वतः जिंकली. चाळीस वर्षांनी, 2018 साली, नेदरलँड्समधील ब्रेडा येथे ही स्पर्धा अखेरची खेळली गेली. अंतिम सामन्यात ऑस्ट्रेलियाने शूटआउटवर भारताला हरविले. स्पर्धेचा जन्मदाता पाकिस्तान सहा संघांत सहावा आला. हॉकीच्या जगात झालेल्या सत्तांतराचा इतिहास या एका स्पर्धेच्या आयुष्यात सामावलेला आहे.

पुरुषांच्या एकूण 37 स्पर्धांपैकी ऑस्ट्रेलियाने 15, जर्मनीने 10 आणि नेदरलँड्सने 8 जिंकल्या. पाकिस्तानच्या वाट्याला तीन विजेतेपदे आली, भारताच्या वाट्याला एकही नाही. याचे खापर केवळ परकीयांवर फोडणे अप्रामाणिकपणाचे ठरेल. 2011 ची स्पर्धा दिल्लीत व्हावयाची होती. परंतु देशातील दोन हॉकी संघटनांच्या भाऊबंदकीमुळे आंतरराष्ट्रीय महासंघाने ती भारताकडून काढून ऑकलंडला नेली. पदाधिकाऱ्यांच्या खुर्च्यांची किंमत तेव्हा खेळाडूंनी मोजली.

तथापि, आपल्या पदाधिकाऱ्यांचा नाकर्तेपणा हे अर्धेच सत्य होय. 1976 च्या माँट्रियल ऑलिंपिकमध्ये हॉकी प्रथमच कृत्रिम मैदानावर खेळली गेली आणि भारत सातव्या स्थानावर फेकला गेला. खेळाचे नियम तेच राहिले, पण खेळाची जमीन बदलली. मातीच्या वा गवताच्या मैदानावर काठी घेऊन उतरणाऱ्या मुलाला आता प्रथम कोट्यवधी रुपयांचे मैदान हवे, त्यावर मारावयास मुबलक पाणी हवे. जेथे पिण्याच्या पाण्यासाठी टँकरची वाट पाहावी लागते, तेथील मुलांना या खेळाचे निमंत्रण कोण देणार?

चॅम्पियन्स ट्रॉफीच्या जागी 2019 पासून प्रो लीग आली. देशोदेशी फिरून खेळावयाच्या या स्पर्धेत संघाच्या गुणवत्तेइतकीच राष्ट्रीय संघटनेच्या थैलीचीही परीक्षा होते. पाकिस्तान पहिल्याच वर्षी तीतून बाहेर पडला. 2025 साली नेशन्स कप जिंकून न्यूझीलंडने प्रो लीगमधील जागा मिळविली. परंतु खर्च परवडत नाही म्हणून ती सोडून दिली आणि अंतिम सामन्यात हरलेल्या पाकिस्तानला ती मिळाली. मैदानावर कमावलेला हक्क हिशेबाच्या वहीत हरतो, ही खेळाची नव्हे, बाजाराची रीत आहे.

यावर कोणी म्हणेल की, पैशाशिवाय दर्जा वाढत नाही. पण युरोपच्या यशाकडे नीट पाहिले तर निराळेच चित्र दिसते. नेदरलँड्सची ताकद मूठभर तारांकित खेळाडूंत नसून गावोगावच्या क्लबांत आहे. तेथे मुले-मुली लहानपणापासून चांगल्या मैदानावर खेळतात. साधने थोड्यांपुरती न ठेवता अनेकांपर्यंत नेली म्हणून तेथे गुणवत्ता फुलली. समाजवाद्यांना यातून घ्यावयाचा धडा स्पष्ट आहे.

गुणवत्तेचा तोटा आपल्याकडेही नाही. पुण्याजवळच्या खडकीतील दारूगोळा कारखान्याच्या वसाहतीत मोडक्या काठ्यांनी हॉकी शिकलेला धनराज पिल्ले 2002 साली कोलोन येथील चॅम्पियन्स ट्रॉफीत स्पर्धेतील सर्वोत्तम खेळाडू ठरला. ओरिसातील सुंदरगढच्या आदिवासी मुलामुलींनी राष्ट्रीय संघ समृद्ध केला आहे. टोकियो आणि पॅरिस या लागोपाठच्या दोन ऑलिंपिकमध्ये भारताने कांस्यपदक मिळविले, त्यामागे ओरिसा सरकारने 2018 पासून राष्ट्रीय संघाला दिलेल्या सार्वजनिक पैशाचा वाटा मोठा आहे. सरकारने मनावर घेतले तर काय होऊ शकते, हे त्यावरून दिसते. परंतु राष्ट्रीय संघाला दिलेला पैसा म्हणजे मुलांना दिलेले मैदान नव्हे.

म्हणून मागणी दुहेरी हवी. ज्या संघाने खेळून जागा मिळविली त्याच्या प्रवासाचा भार आंतरराष्ट्रीय महासंघाने सामाईक निधीतून उचलावा. आणि येथे, नगरपालिकांची व शाळांची मैदाने इमारतींच्या व लग्नसमारंभांच्या घशात जाणार नाहीत, यासाठी कार्यकर्त्यांनी जागता पहारा ठेवावा. करंडक कोणी उचलला याची नोंद वृत्तपत्रे घेतीलच. गावातल्या मैदानाच्या फाटकाला कुलूप कोणी घातले, हे विचारणे मात्र कार्यकर्त्यांचे काम आहे.